योउथ्याओ: चिनी नाश्त्याच्या पोकळ काड्या, घरच्या कढईत

पहिल्या खेपेला माझ्या योउथ्याओंचे शंकरपाळे झाले. दुसऱ्या खेपेला भटुऱ्याचा लांबट चुलतभाऊ. पाचव्यांदा कढईत सोडलेली पट्टी तेलात लोळता लोळता मनगटाएवढी फुगली, तेव्हा लक्षात आलं की आधीच्या चारही वेळा माझ्या पुरी-करंजीच्या सवयीच आड येत होत्या. पुरीचं पीठ आपण घट्ट भिजवतो, करंजीचं कुटतो, पोळीची कणीक मळून मळून लुसलुशीत करतो. योउथ्याओचं पीठ सैल हवं, त्याला हात कमीत कमी लागायला हवा आणि ते रात्रभर झोपायला हवं. एवढं पाळलंत तर पुरी तळता येणाऱ्या कुणालाही हे जमेल.

योउ म्हणजे तेल आणि थ्याओ म्हणजे लांब पट्टी. शांघायमध्ये आम्ही तीन वर्षं होतो. गल्लीच्या तोंडाशी पहाटे एक गाडा लागायचा आणि नवाच्या सुमारास आवरलेलाही असायचा. गाड्यावरच्या बाईंना सगळे ‘आयी’ म्हणत. चिनीत ही मावशी-काकूला मारायची हाक, पण अर्धवट झोपेतल्या मराठी कानाला ती ‘आई’च ऐकू येते. या आयी हातभर लांब चॉपस्टिकनी तेलातल्या पट्ट्या अखंड लोळवत असत. तळून झालेले योउथ्याओ तारेच्या टोपलीत उभे ठेवत, आडवे कधीच नाहीत. हे उभं ठेवणं मी तेव्हा शोभा समजले होते. त्यामागचं कारण पुढे येईल.

शांघायी नाश्त्यात चार पदार्थांना देवळाच्या दारातल्या चार द्वारपालांचा मान आहे: तीळ लावून भाजलेली जाड पोळी, चिकट भात, सोयाबीनचं गरम दूध आणि योउथ्याओ. शांघायबाहेरही याची भावकी मोठी आहे. दक्षिणेकडच्या क्वांगतोंग प्रांतात तो तांदळाच्या पेजेत बुडवून खातात. दक्षिण चीनमधून स्थलांतरितांबरोबर तो सिंगापूर-मलेशियात गेला, तिथे त्याला ‘यू चार क्वे’ म्हणतात. थायलंडमध्ये त्याचा आखूड, दोन पायांचा ‘पाथोंगको’ झाला आणि तो कंडेन्स्ड मिल्कमध्ये बुडवला जातो. सिंगापूरच्या मराठी वाचकांना ही सगळी उठाठेव कशाला, असं वाटेल. तुमच्या कोपऱ्यावर तो मिळतो, तुम्ही सुखी आहात. हा लेख पुण्या-नागपुरातून किंवा एखाद्या परदेशी गावातून त्याची आठवण काढणाऱ्यांसाठी आहे.

तुरटीचं काय करायचं

पारंपरिक कृतीत मैद्यात तीन गोष्टी पडतात: तुरटी, सोडा आणि मीठ. होय, तीच तुरटी, जी आपण गढूळ पाण्यात फिरवतो आणि दाढीनंतर गालाला लावतो. तुरटी पाण्यात आम्लधर्मी होते, सोड्याशी तिची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड उरतं. जुने कारागीर ज्या कुरकुरीतपणाचं कौतुक करतात, त्याच्या मुळाशी ही जोडी आहे. पण त्यामुळे पदार्थात ॲल्युमिनियम राहतं. चीनमध्ये त्याची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम ठरवलेली आहे. २००८ मध्ये केएफसीने चीनमधल्या आपल्या नाश्त्यात योउथ्याओ आणला, तोही तुरटी नसल्याचं सांगूनच.

घरी तुरटी वापरूच नये असं माझं मत आहे. दाढीच्या खड्याचा दर्जा खाण्याचा नसतो, आणि ग्रॅमच्या हिशेबात चूक झाली तर पदार्थ तुरट होतो. बेकिंग पावडर आणि थोडा खायचा सोडा एवढ्यावर उत्तम काम भागतं. फक्त बेकिंग पावडरच्या डब्यावरचे घटकांचे आकडे वाचा. ५४१ किंवा ५२१ हा आकडा दिसला तर तिच्यातही ॲल्युमिनियमचा क्षार आहे, म्हणजे तुरटी पुढच्या दाराने घालवून मागच्या दाराने आत घेतली. ४५० असेल तर ती घ्या. ४५० आकड्याचं आम्ल सावकाश काम करतं आणि बरीचशी ताकद तेलातल्या उष्णतेसाठी राखून ठेवतं. रात्रभर ठेवायच्या पिठाला नेमकं तेच हवं असतं.

साहित्य, बारा नगांसाठी

मैदा ३०० ग्रॅम
मीठ ५ ग्रॅम
बेकिंग पावडर ७ ग्रॅम
खायचा सोडा २ ग्रॅम, म्हणजे अर्धा छोटा चमचा सपाट, त्याहून किंचित कमीच
अंडं १
तेल १ मोठा चमचा, शिवाय हाताला आणि ओट्याला लावायला
पाणी सुमारे १४० मिली
तळायला १ लिटर तेल

वाटीचं माप इथे देत नाही. वाटीत मैदा दाबून भरला की सैल, यावर वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि या पिठात तेवढा फरक म्हणजे सगळा खेळ. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा घ्या.

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघा. १०० ग्रॅममागे ११ च्या आसपास असेल तर छान. ९ असेल तर पट्टी ताणताना तुटते. परदेशात असाल तर ब्रेडचं आणि साधं पीठ निम्मं-निम्मं घ्या. कणीक मिसळू नका. कोंड्याचे कण पिठाची ताण धरायची ताकद तोडतात, आणि पौष्टिकपणाचा विचार करायला हा पदार्थ चुकीचा आहे.

अंडं चालत नसेल तर ते वगळून पाणी १८० मिलीपर्यंत न्या. काड्या फुगतात, फक्त आतली जाळी जरा बारीक येते आणि रंग फिकट राहतो. तेल बिनवासाचं हवं. मी रिफाइंड शेंगदाणा तेल वापरते. घाण्याचं तेल पिठल्यावर अमृत, इथे मात्र त्याचा वास सगळ्यावर बसतो.

रात्रीचं काम: भिजवणं

मैदा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळा. सोडा आणि मीठ पाण्यात पूर्ण विरघळवा. सोडा कोरडाच मैद्यात टाकला तर तळल्यावर पिवळे ठिपके दिसतात आणि दाताखाली साबणासारखी चव येते. त्याच पाण्यात अंडं आणि चमचाभर तेल फेटून घ्या आणि मैद्यात थोडं थोडं ओतत चॉपस्टिकने किंवा काट्याने ढवळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा.

भांड्यात या वेळी जे असतं ते बघून हात थरथरतो. चिकट, खडबडीत, कडेला चिकटलेला गोळा. आई असती तर म्हणाली असती, ‘अगं, पाणी जास्त झालंय.’ वरून मैदा भुरभुरायचा मोह होईल. तो आवरा, झाकण ठेवा, पंधरा मिनिटं निघून जा. मैदा तेवढ्या वेळात स्वतःच पाणी पितो.

मग मुठींना तेल लावा. हे मळणं नाही. बंद मुठींनी गोळा भांड्यात दाबत पसरायचा, कड उचलून मध्ये घडी घालायची, पुन्हा दाबायचा. दहा-बारा वेळा, मिनिटभरात आटोपायचं. झाका, वीस मिनिटं थांबा, पुन्हा तेवढंच. असं एकूण तीनदा. पहिल्या वेळी गोळा ओल्या मातीसारखा वागतो, दुसऱ्या वेळी जरा ऐकतो, तिसऱ्या वेळी मूठ मारली की गालासारखा मऊ आणि तुकतुकीत लागतो. मळण्याने जी ताकद येते ती इथे वेळ देऊन आणायची. मळून आणलेली ताकद ताठर असते, आणि ताठर पीठ तेलात फुगायच्या आधीच आक्रसतं. माझे शंकरपाळे असेच झाले होते.

आता गोळ्याला तेलाचा हात फिरवून साधारण १२ सेंटिमीटर रुंद आणि २५ लांब अशी चपटी लादी करा. तेल लावलेल्या चपट्या डब्यात किंवा प्लास्टिकमध्ये हवा लागणार नाही अशी बंद करून फ्रिजमध्ये ८ ते १२ तास ठेवा. लादीच करायची, कारण सकाळी गोळा लाटून पट्टी करायला गेलात तर पिठाला पुन्हा ताण बसतो आणि रात्रभराचं आरामपर्व वाया जातं. चोवीस तासांच्या पुढे मात्र नेऊ नका, पीठ करडं पडायला लागतं.

सकाळ: पिठाला जाग येऊ द्या

फ्रिजमधून काढलेलं पीठ थेट कापू नका. पुण्याच्या मे महिन्यात पाऊण तास पुरतो, जानेवारीत दोन तास लागतात. घड्याळापेक्षा बोट खरं सांगतं: लादीची कड चिमटीत धरून ओढा. ती लांबून तिथेच राहिली तर पीठ तयार आहे. रबरासारखी मागे गेली तर चहा करून घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

ओट्यावर अगदी थोडा मैदा भुरभुरा. लादीचे दोन भाग करा. प्रत्येक भाग तळव्याने थापत आणि टोकं हलकेच ओढत १० सेंटिमीटर रुंद, ३० लांब आणि पाऊण सेंटिमीटर जाड करा. शेवटी जाडी सारखी करायला लाटणं एक-दोनदाच, वजन न देता फिरवा. वरचा सुटा मैदा ब्रशने झटकून टाका. तो राहिला तर पट्ट्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि तेलात जळून तेल काळं करतो.

कापायला मोठी, धारदार सुरी घ्या आणि वरून खाली एका दाबात कापा. करवतीसारखी ओढू नका आणि शंकरपाळ्याची चिरणीही नको. चिरणी कड दाबून बंद करते. योउथ्याओची कापलेली बाजू उघडी राहिली पाहिजे, तो फुगतो तो तिथूनच. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या पाडल्या तर एका भागाच्या बारा, दोन्ही मिळून चोवीस. दोन-दोनच्या जोड्या म्हणजे बारा नग.

आता सगळ्यात मोलाची कृती. एका पट्टीच्या मधोमध ओल्या बोटाने पाण्याची बारीक रेघ ओढा. रेघच, पूर्ण ओली करू नका. तिच्यावर दुसरी पट्टी ठेवा. मग बारीक सळई जोडीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने ठेवून खालपर्यंत दाबा. मी विणकामाची सुई वापरते, चॉपस्टिकची पाठही चालते. मध्ये खोल चर पडली पाहिजे आणि दोन्ही कडा मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

दोन पट्ट्या का? एकच जाड पट्टी तेलात टाकली तर चारही बाजूंनी लगेच कवच धरतं आणि आतली वाफ कोंडून राहते. दोन पट्ट्या जोडल्या की मधल्या, एकमेकींना टेकलेल्या बाजूंना तेल उशिरा लागतं. तिथलं पीठ काही क्षण मऊ राहतं, आणि आतला वायू आणि वाफ त्या मऊ जागेतून पट्ट्यांना दोन्हीकडे रेटत जातात. सळईची चर म्हणजे बिजागरी.

लोकांच्या तोंडी याचं कारण निराळंच आहे. दक्षिण सोंग राजवटीत युए फेई हा लोकांचा लाडका सेनापती होता. ११४२ मध्ये त्याला ठार मारण्यात आलं. त्यामागे मंत्री छिन ह्वेई आणि त्याची बायको होती असं लोक मानतात. राजधानीतल्या, म्हणजे आजच्या हांगचौमधल्या, एका तळणवाल्याने संतापून पिठाच्या दोन बाहुल्या केल्या, नवरा-बायकोच्या पाठी एकमेकींना चिकटवल्या आणि त्यांना उकळत्या तेलात सोडलं, अशी दंतकथा आहे. क्वांगतोंगकडे योउथ्याओला ‘तेलात तळलेलं भूत’ अशा अर्थाचं नाव आहे, आणि चिनीत भुताचा शब्द ‘ह्वेई’च्या उच्चाराजवळ जातो. हांगचौत युए फेईच्या समाधीपुढे त्या दोघांचे गुडघे टेकलेले, हात मागे बांधलेले लोखंडी पुतळे आहेत. ते पाहून आल्यापासून चर पाडताना सुईवर माझा हात जरा जोरातच पडतो.

जोड्या ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं विसावू द्या. तोवर तेल तापवा.

तळणं

कढई किमान २६ सेंटिमीटर रुंद हवी आणि तेल पाच-सहा सेंटिमीटर खोल. कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. तेल १९० ते २०० अंशांवर हवं, पुरीच्या तेलाइतपत किंवा त्याहून थोडं जास्तच. थर्मामीटर नसेल तर पिठाचा वाटाण्याएवढा तुकडा टाका. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला आणि वर येताच फुलायला लागला तर तेल बरोबर आहे. तळाशी रेंगाळला तर थांबा. तळाला न जाताच तांबूस व्हायला लागला तर गॅस कमी करा.

एक जोडी दोन्ही टोकांना चिमटीत धरा. टोकं जराशी दाबून बंद करा, नाहीतर पट्ट्या तिथूनच सुटतात. अलगद ओढत १८ ते २० सेंटिमीटर लांब करा. ओढताना ती स्वतःच्या वजनानेही खाली झुकेल, झुकू द्या. आधी मधला भाग तेलाला टेकवा, दोन सेकंद धरा आणि मग टोकं पलीकडच्या दिशेने सोडा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही.

पट्टी वर तरंगली की लगेच चॉपस्टिकने लोळवायला सुरुवात करा. पहिली वीस सेकंदं हाताला उसंत नाही. एकीकडे कवच धरलं तर ती बाजू फुगायची थांबते आणि काडी धनुष्यासारखी वाकते. सारखी लोळवत राहिलात तर डोळ्यांदेखत ती दुप्पट, तिप्पट होते, चर रुंदावत जाते आणि दोन्ही अंगं दोन वेगळ्या नळ्यांसारखी दिसायला लागतात. साधारण दीड मिनिटात सोनेरी रंग येतो. चॉपस्टिक नसतील तर दोन लांब लाकडी उलथनी चालतील. झाऱ्याने मात्र दाबू नका, ही पुरी नाही.

एका वेळी दोनच तळा. चार टाकल्या तर तेल थंड पडतं, आणि थंड तेलात फुगणं कमी आणि तेल पिणं जास्त.

काढल्यावर उंच गंजात किंवा तारेच्या भांड्यात उभे करा. आयींच्या टोपलीचं गुपित हेच: आतली वाफ वरच्या टोकाने निघून जाते आणि तेल खालून निथळतं. कागदावर आडवे ठेवलेले पाच मिनिटांत खालच्या बाजूने ओलसर होतात.

बिघडलं तर

फुगलेच नाहीत तर बहुतेक वेळा पीठ घट्ट होतं किंवा पुरेसं विसावलं नव्हतं. त्याच्या खालोखाल संशय थंड तेलावर घ्या, मग दाबल्या गेलेल्या कडांवर. आधी बेकिंग पावडरला दोष देऊन ती दुप्पट करू नका. मी केली होती. काड्या फुगल्या खऱ्या, पण घशात कडवट चव दुपारपर्यंत राहिली.

तेलात जोडी सुटून दोन पट्ट्या वेगळ्या झाल्या तर मध्ये सुटा मैदा राहिला होता किंवा चर उथळ पडली होती. वरून सुंदर आणि आत कच्चा लगदा असेल तर तेल फार तापलं होतं. गार होताच दगडासारखे झाले तर पाणी कमी पडलं: पुढच्या वेळी १० मिली वाढवा. आत दोन-चार मोठ्या पोकळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदे, बाहेर बोटाने मोडेल असं कवच, असा निकाल आला की जमलं.

कशाबरोबर खायचे

चहात बुडवून चांगले लागतात, हे मान्य. पण एकदा सोयाबीनच्या दुधाबरोबर खा. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी एक लिटर पाण्यात थोडं थोडं वाटा, पंच्यातून पिळून गाळा आणि मोठ्या पातेल्यात उकळा. इथे एक फसवणूक आहे. खरी उकळी यायच्या बरंच आधी दूध फेसाळून वर येतं आणि उकळलं असं वाटतं. गॅस बंद करू नका. आच कमी करून, फेस बसवत, ढवळत पुढे आठ-दहा मिनिटं खरोखर उकळू द्या. अर्धकच्च्या सोयादुधाने मळमळ आणि उलट्या होतात. पंच्यात उरलेला चोथा थालीपिठात घाला, खपतो.

साखर घालून प्यायलं की गोड प्रकार झाला. मला खारट आवडतं. वाडग्यात एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा सोया सॉस, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि थोडं तिखट तेल घाला. वरून उकळतं दूध जरा उंचावरून एका धारेत ओता आणि ढवळू नका. अर्ध्या मिनिटात ते सैल दह्यासारखं फाटतं. त्यावर योउथ्याओचे बोटभर तुकडे टाका. खालची बाजू भिजून लिबलिबीत होते, वरची कुरकुरीत राहते, आणि दोन्ही एकाच घासात आले पाहिजेत.

उरलेले हवाबंद डब्यात ठेवून उपयोग नाही, तासाभरात चिवट होतात. दुसऱ्या दिवशीसाठी मुद्दाम करायचे असतील तर फिकट रंगावरच काढा, गार करून फ्रीझरमध्ये टाका आणि एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर चार-पाच मिनिटं द्या. चीनमध्ये मुरलेल्या, कुणाच्या हाती न लागणाऱ्या माणसाला ‘जुना योउथ्याओ’ म्हणतात. खराखुरा जुना योउथ्याओ मात्र अगदी हाताळण्याजोगा असतो: पाव इंचाचे काप करून पुन्हा कडक तळले तर पेजेवर पेरता येतात. आमच्याकडे ते टोमॅटोच्या सारावर पडतात, आणि सार ताटात पोचेपर्यंत निम्मे तसेच कोरडे संपलेले असतात.